बर्फगाडी गवतावर

मी पाचवीपर्यंत शिकलो. मग हातात पाना आला तो पासष्टी उलटेपर्यंत सुटला नाही. कराडला स्टँडच्या मागच्या बोळात माझं गॅरेज होतं, टू-स्ट्रोक स्कूटरचं. ते चाळीस वर्षं चालवलं. त्यामुळे लिहिण्यात चूक झाली तर झाली, सोडून द्या. इंजिनात चूक झाली तर मात्र मला झोप लागत नाही. आणि ह्या गोष्टीत एक चूक आहे.

गॅरेजच्या वरच आमच्या दोन खोल्या. खाली मी, वर बायको. तिने जन्मात कधी पाना धरला नाही, पण कान असा की काय सांगू. गाडी दुरुस्त करून मी रेस केली की वरून आवाज यायचा, "अजून खोकतंय." मी ओरडायचो, "तू भाकरी बघ." आणि गपचूप परत कार्ब्युरेटर उघडायचो. दरवेळी तिचंच खरं निघायचं. पुढे पुढे गिऱ्हाइकं मला विचारीनाशीच झाली. मान वर करून थांबायची, वहिनी काय म्हणतात बघू.

मुलगा मेलबर्नजवळ टार्निटला राहतो. त्याच्याकडे आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी आलो. पाचव्या महिन्यात ती गेली. करोना नव्हे, हार्ट. सकाळी चहा टाकला, ओट्याला टेकून खाली बसली, ती उठलीच नाही. लोक फोनवर म्हणाले, चांगलं मरण आलं. ज्याला आलं त्याला चांगलं असेल. अंत्यविधीला दहा माणसांची परवानगी होती, आम्ही भरलो तीन. बाकीचे नातेवाईक मोबाईलवर. एका भाच्याने फोन आडवा धरला होता, तो शेवटपर्यंत आडवाच रडला.

विमानं तर त्याआधीच बंद झालेली. मी मुलाच्या मागे एकच धोशा लावला, मला घरी पाठव. अडकलेली माणसं परत न्यायला सरकार अधूनमधून विमान सोडत होतं. त्याच्या यादीत मुलाने माझं नाव घातलं. नंबर कधी लागेल ते कुणालाच माहीत नव्हतं.

घरी जाऊन काय करायचं होतं? गॅरेज तर बंद करून पाच वर्षं झालेली. वर दोन खोल्या, कुलूप, आणि दाराच्या आत तिच्या घरातल्या सपाता. मला तिथे जाऊन बसायचं होतं. "बसून काय करणार, बाबा?" सुनेने विचारलं. राग तेवढा आला.

सून पुण्याची. कॉम्प्युटरवाली. वरच्या खोलीत दिवसभर कानाला हेडफोन लावून कुणाशी तरी इंग्रजीत भांडत असते, आणि त्याला काम म्हणतात. तोंडाने फटकळ. माझ्यासारखीच, म्हणून सुरुवातीला आमचं पटायचं नाही. सासू होती तोवर मधे सासू होती. मुलगा ट्रेनच्या सिग्नलचं काम करतो, त्याला लॉकडाऊनमध्येही जावंच लागे. म्हणजे दिवसभर घरात ती आणि मी.

"बाबा, आज आंघोळ?"

"कुणाला वास येतोय?"

"मला. घरात दुसरं आहे कोण?"

मी आंघोळ केली. पाणी गरम होतं, तेवढं चांगलं.

जूनमध्ये जरा मोकळीक मिळाली तेव्हा तिने मला चालायला बाहेर काढलं. टार्निटमध्ये घरं सगळी एका साच्यातली. मी एकटा गेलो तर परत येताना दुसऱ्याच्या दाराला किल्ली लावायचो, म्हणून ती बरोबर. चालत चालत आम्ही वस्तीच्या कडेला गेलो. तिथे घरं एकदम संपतात आणि गवताळ रान सुरू होतं. तारेच्या कुंपणामागे एक जुनं पत्र्याचं घर, शेजारी शेड, आणि फाटकाला हाताने लिहिलेली पाटी.

"काय लिहिलंय?"

"शेडमधलं सगळं विकायचंय म्हणून लिहिलंय. चला बाबा, थंडी वाजतेय."

पण शेडचं दार उघडं होतं आणि ताडपत्रीखालून एक तांबडं नाक बाहेर आलेलं होतं. मी फाटक ढकललं.

आतून एक बाई आली. पंचाहत्तरीची असेल. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, तोंडाचं बोळकं झालेलं, पाठीचा कणा मात्र सरळ. मला बघून म्हणाली, "हॅलो मेट." मेट म्हणजे दोस्त. आमच्याकडे परक्या बाईने असं म्हटलं असतं तर गावभर झालं असतं. मी नमस्कार केला आणि ताडपत्रीकडे बोट दाखवलं.

तिने ताडपत्री ओढली. असलं वाहन मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. पुढे चाकाच्या जागी दोन वाकलेल्या पट्ट्या, पुढून वर वळवलेल्या, कोल्हापुरी चपलेच्या टोकासारख्या. मागे रणगाड्यासारखा रुंद रबरी पट्टा. मधे लांबलचक सीट. तांबडा रंग उडून गुलाबी झालेला.

"स्नोमोबाईल," सून म्हणाली. "बर्फावर चालते, बाबा. इथे डोंगरात हिवाळ्यात बर्फ पडतो ना, तिथली. पन्नास वर्षांची आहे म्हणतात त्या."

मला बर्फाचं काही पडलं नव्हतं. मी पुढचं झाकण उचललं. आणि खरं सांगतो, तिथे मला माझा कुणी गाववाला भेटला. एक सिलिंडर. टू-स्ट्रोक. वर हवेने गार करणारा पंखा, बाजूला मॅग्नेट, खाली कार्ब्युरेटर. किकच्या जागी ओढायची दोरी, एवढाच फरक. परमुलखात सगळी भाषा परकी, आणि ह्या खोक्यात बसलेलं इंजिन माझ्याशी मराठी बोलत होतं. मी वाकून वास घेतला. शिळं पेट्रोल आणि ऑईल. बायको गेल्यापासून मला कशाचाच वास येत नव्हता, तो आला.

"पिस्टन?" मी बाईला विचारलं.

"जॅम्ड," ती म्हणाली.

"कार्ब्युरेटर?"

"डर्टी. व्हेरी डर्टी."

"नो प्रॉब्लेम," मी म्हणालो. सून माझ्याकडे बघतच राहिली. सासरा इंग्रजीत बोलतोय म्हणून.

मग बाईने सुनेला सांगितलं ते सुनेने मला सांगितलं. तिचा नवरा डोंगरावर, बर्फात लोकांना वर नेणाऱ्या तारेवरच्या पाळण्यांचा मेकॅनिक होता. लग्न झाल्यावर दोघं कितीतरी हिवाळे वरच राहिले. तो ह्याच गाडीवरून खालून दूध-पाव आणायचा. वळणावर गाडीचा आवाज आला की ती किटली ठेवायची. आवाजावरून तिला कळायचं, तो कुठल्या चढावर आहे ते. नवरा जाऊन तीन वर्षं झाली. तो म्हणायचा, आता रिटायर झालो, हिला चालू करतो. केली नाही.

मी तिच्याकडे नीट पाहिलं. आवाजावरून ओळखणारी आणखी एक निघाली.

घरी येताना मी बोलत होतो. घरी आल्यावर बोलत होतो. जेवताना मुलाला रबरी पट्टा कसा फिरत असेल ते पोळीवर काढून दाखवलं. सून हाताची घडी घालून ऐकत होती.

"घ्यायची का?" ती म्हणाली.

"मी चाललोय गावाला. घेऊन काय करू?"

"मग पैज लावा. तुम्ही ती गाडी चालू केलीत, तर इथेच राहायचं. नाही झाली, तर तुमची बॅग मी स्वतः भरून देईन. हूं की चूं करणार नाही."

"आणि मधेच नंबर लागला तर?"

"नंबराच्या आधी चालू करा. का हिंमत नाही?"

चाळीस वर्षं मेकॅनिकी केलेल्या माणसाची हिंमत काढते. "लागली," मी म्हणालो. मुलगा म्हणाला, व्हिसा सध्या वाढवून मिळतोय, तेवढी अडचण नाही. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की ह्या दोघांचं आधीच बोलणं झालेलं होतं.

खरं सांगायचं तर पैज लावताना मनातून मला हरायचंच होतं. गाडी चालू नाही झाली की मी सुटलो. पण वाईट काम करून हरणं मला येत नाही. इथेच घोळ झाला.

पैसे मुलाने दिले. बाईने घेताना अट घातली: चालू झाली की आधी तिला आवाज ऐकवायचा. मग तिने स्वतःच गाडी ट्रेलरवर चढवली, ट्रेलर आपल्या मोटारीला लावला आणि आमच्या दारात आणून सोडली. शेजाऱ्यांनी पडदे बाजूला करून पाहिलं. टार्निटला बर्फ पडत नाही हो. टार्निटला वारा सुटतो.

जुलैत परत सगळं बंद झालं. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, फिरायला एकच तास. लोक वैतागले. मला काय, गॅरेज घराला चिकटून होतं. बायकोने विणलेला तपकिरी स्वेटर घालून मी नाश्ता झाला की खाली बसायचो ते अंधार पडेपर्यंत.

पंख्याच्या आत उंदरांचं घरटं निघालं, लोकरीचं. त्या माणसाच्या मोज्याचं असणार. पिस्टन धरलेला होता, वरून तेल सोडून आठ दिवस वाट पाहिली. घाई करून हातोडी घातली असती तर तिथेच कारभार आटोपला असता. आठव्या दिवशी तो केसभर हलला. मी "हललं!" म्हणून ओरडलो, तर सून मीटिंग सोडून धावत आली. तिला वाटलं मी पडलो.

त्या दिवसापासून ती जेवणाच्या सुट्टीत खाली यायला लागली. मोबाईलचा टॉर्च धरायची. आधी तिला पाना आणि पक्कड यातला फरक कळत नव्हता. महिन्याभरात मी नुसता हात पुढे केला की दहा-अकराचा पाना हातात पडायचा. एकदा गालाला ग्रीस लावून मीटिंगला बसली. तिच्या साहेबाने विचारलं काय झालं. म्हणाली, सासऱ्याचं इंजिन खोललंय. साहेब म्हणे कॅमेऱ्याजवळ येऊन बघायला लागला.

कार्ब्युरेटरच्या आत एक पातळ रबरी पडदा असतो, तो कडक पापडासारखा झालेला. नवा तिने कॉम्प्युटरवर शोधला. समुद्रापलीकडून यायला सात आठवडे लागले. तोवर मी मॅग्नेट काढून आतले पॉइंट साफ केले, पॉलिश पेपरने, आरशासारखे. कागदावर मांडून ठेवले.

"बाबा, ह्या सगळ्यात महत्त्वाचं काय असतं हो?" तिने एकदा विचारलं.

"पॉइंट. हे दोन ठिपके एकमेकांना टेकतात, सुटतात, तिथून प्लगला करंट जातो. पिस्टन, पट्टा, बाकी सगळे हमाल. मालक हा."

"एवढुसा?"

"मालक एवढुसाच असतो. तुझी सासू केवढी होती?"

ती हसली. बायकोचं नाव असं सहज निघालं ते पहिल्यांदाच.

दर रविवारी त्या म्हातारीचा फोन यायचा. सून स्पीकर लावायची. "मेट, इज शी अलाइव्ह?" मी ओरडायचो, "स्लीपिंग! नॉट डेड!" मुलगा म्हणायचा, बाबा, फोनवर ओरडायची गरज नसते. म्हातारीला ऐकू कमी येतं हे त्याला काय माहीत. मला माहीत होतं.

ऑक्टोबर आला. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. त्या दिवशी पान्याला हात लावायचा नाही, पाने पुसून पाटावर मांडायचे, हळद-कुंकू, झेंडूचं फूल. चाळीस वर्षं बायकोने केली. यंदा मी आधीच सांगून ठेवलं होतं, घरात माणूस गेलंय, वर्षभर सण नाही. त्या दिवशी मी सवयीने पान्याला हात लावला नाही इतकंच. माझा तासभर चालून आलो आणि झोपलो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. माझा नंबर लागला होता. दोन आठवड्यांनी विमान.

रबरी पडदा तोवर आलेला होता. मी दोन दिवसांत इंजिन बांधलं. मागची बाजू दुधाच्या क्रेटवर उचलून ठेवली, म्हणजे पट्टा मोकळा फिरेल. पेट्रोलमध्ये ऑईल मोजून घातलं. आमच्याकडे पंपवालाच घालून द्यायचा, इथे स्वतःच मिसळावं लागतं. त्याच आठवड्यात लॉकडाऊन उठला होता, गल्लीत पोरं सायकली फिरवत होती. दारं उघडली. मुलगा आणि सून दोघं उभे. मी दोरी ओढली.

काही नाही.

परत ओढली. वीस वेळा ओढली. खोकलंसुद्धा नाही. प्लग काढून इंजिनाच्या अंगाला टेकवून पाहिला, करंटचा पत्ता नाही. प्लग बदलला. कॉइल तपासली. कंडेन्सर नवा होता तरी दुसरा लावला. वायर बदलली. पेट्रोलची नळी विनाकारण काढून परत घातली. असं पाच दिवस. दोरी ओढून दंड सुजले. पॉइंट तेवढे बघितले नाहीत. ते मॅग्नेटच्या आत, आणि मी स्वतः आरशासारखे केलेले, म्हणून न बघताच बसवलेले. आपण स्वतः घासलेलं भांडं कुणी परत घासतं का? मेकॅनिकचा माज, दुसरं काय.

सहाव्या दिवशी सकाळी मी पाना खाली ठेवला आणि सुनेला म्हणालो, "जिंकलो मी. बॅग भर."

म्हणायला म्हटलं, पण जिंकल्याचं काही वाटेना. इतके महिने मला जे पाहिजे होतं ते हातात आलं होतं आणि हात तेलकट होते. कराडच्या त्या दोन खोल्या डोळ्यांपुढे आल्या. आता तिथे जाऊन मला बसावं लागणार होतं.

सून तिच्या शब्दाची पक्की. वर गेली, बॅग आणली, हॉलमध्ये उघडली. माझे शर्ट घड्या करून भरायला लागली. हूं नाही की चूं नाही. चौथ्या शर्टाला मात्र तिचं नाक वाजलं.

"काय झालं?"

"काही नाही." शर्ट आपटला. "मी एवढी पूजासुद्धा केली होती. आई करायच्या तशी. काही उपयोग नाही."

"कसली पूजा?"

"खंडेनवमीची. तुम्ही चालायला गेला होतात तेव्हा. सण नाही म्हणाला होतात, मला माहितीये. पण आई दरवर्षी मला फोन करायच्या, लॅपटॉपला हळद-कुंकू लावलंस का म्हणून. यंदा फोन आला नाही, मग मला..." तिने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. माझ्या शर्टाच्या. "मग मीच केली. सगळ्या पान्यांना लावलं. नंतर ओल्या फडक्याने वरवर पुसून काढलं, तुम्हाला कळू नये म्हणून."

"पान्यांना?"

"पान्यांना. आणि त्या पॉइंटला."

"पॉइंटला?"

"तुम्हीच म्हणालात ना, तो मालक. म्हणून त्याला जरा जास्तच लावली."

मी भिंतीला टेकलो. मला वाटलं रडू येतंय, आणि आलं ते हसू. असं हसू की खुर्चीत बसावं लागलं. सून घाबरली. मुलगा अंघोळीतून टॉवेलवर बाहेर आला.

"अगं पोरी," मी म्हणालो, "तुझ्या सासूने लग्नानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला गिऱ्हाइकाच्या उघड्या इंजिनावर अक्षता टाकल्या होत्या. सिलिंडरमध्ये तांदूळ! मी आठ दिवस शोधत होतो, खडखड कशाची येतेय. आणि तू करंटला हळद लावलीस!"

"म्हणजे... माझ्यामुळे?"

"तुझ्यामुळे नाही तर काय. हळद वाळली की मधे कवच धरते. करंट जाणार कुठून? मला इथे ठेवायला पैज लावतेस आणि गाडी तूच बंद पाडतेस!"

"मग तुम्ही बघितलं का नाही?" ती लगेच उसळली. "चाळीस वर्षांचे मेकॅनिक ना तुम्ही?"

तीच ती चूक. हळद तिची, पण चूक माझी.

शर्ट तसेच टाकून आम्ही गॅरेजमध्ये गेलो. मॅग्नेट काढला. आत दोन्ही पॉइंटांच्या फटीत पिवळा थर, वर कुंकवाची लाल कड. नवरीसारखे नटून बसलेले. मला ते पुसवेना. सुनेनेच हात पुढे केला. मी पॉलिश पेपर दिला आणि पहिल्यांदा दुसऱ्याला पॉइंट घासू दिले. चांगले घासले तिने. मी परत तपासले, ह्या वेळी.

मॅग्नेट लावला. दोरी ओढली. पहिल्याला फट्. दुसऱ्याला फट् फट्. तिसऱ्याला असा आवाज फुटला की पत्र्याचं दार थरथरलं. निळा धूर भसाभसा. मागचा पट्टा हवेत गरागरा फिरला आणि पन्नास वर्षांची धूळ आमच्या तिघांच्या तोंडावर. धूर घरात शिरला आणि छतावरची धुराची घंटा बोंबलायला लागली. मुलगा टॉवेलवरच झाडू घेऊन ती बंद करायला धावला. समोरचा पंजाबी शेजारी मास्क लावून पळत आला, "अंकलजी, आग लगी क्या?" मी म्हणालो, "हां! लगी!" आणि आणखी रेस दिली.

सून कानांवर हात ठेवून उड्या मारत होती. मीटिंगचं तिला ध्यानच नव्हतं. तिचा लॅपटॉप वर उघडा होता आणि तिच्या ऑफिसच्या सगळ्यांनी ती घंटा ऐकली.

विमानाला तीन दिवस राहिले होते तेव्हा म्हातारी ट्रेलर घेऊन आली. येताना तिने वेणी घालून लाल रिबन बांधली होती. तिच्या रानात आदल्या दिवशी पाऊस झालेला, गवत गुडघ्याएवढं आणि ओलंचिंब. सुनेने विचारलं, बर्फाशिवाय चालेल का? म्हातारी म्हणाली, असल्या जुन्या गाड्या ओल्या गवतावरही पळतात, नवरा उन्हाळ्यात पोरांसारखा पळवायचा.

आधी मी बसलो. वळवायला जड, म्हशीसारखी. हँडल डावीकडे केलं तरी ती मनात येईल तेव्हा वळते. पण सरळ सोडली तर सोडली. गवताचे तुषार दोन्ही बाजूंनी तोंडावर, खालून रबराचा फडफडाट, आणि मी एकाहत्तर वर्षांचा माणूस "हूर्रर्र" करत चाललोय. कुंपणापलीकडचे दोन घोडे कान टवकारून बघत होते. घोड्यांना काय वाटलं असेल ते वाटो.

परत आलो तर म्हातारी हेल्मेट घालून तयार. मी उतरायच्या आतच मागून टांग टाकली. मला हाताने बाजूला सारलं आणि निघाली. मी मुलाला म्हणालो, बाई पडली तर पोलीस आपल्यालाच धरतील. पण ती काय पडते. रानाच्या पार टोकाला जाऊन वळसा घेतला, वळणावर रेस कमी केली, परत वाढवली. चढ चढत असल्यासारखी. तिथे चढ नव्हता. लाल रिबन हेल्मेटखालून उडत होती.

ती एवढी लांब गेली होती की नुसता आवाज येत होता. आम्ही तिघं कुंपणाला टेकून ऐकत होतो. सुनेने मान तिरकी केली.

"बाबा, ते अजून खोकतंय का हो जरासं?"

मुलाने झटकन माझ्याकडे पाहिलं. मी ऐकलं. वळणावर, रेस पडताना, अगदी बारीक. मला आधी ऐकू आलं नव्हतं.

"खोकतंय," मी म्हणालो. "कार्ब्युरेटर परत उघडावा लागेल. उद्या बघू."

"उद्या मीटिंग आहे माझी."

"मग परवा."

"परवा तुमची बॅग..."

म्हातारी येऊन पोचली. उतरली, इंजिन बंद केलं नाही. हेल्मेट काढून तिने माझ्या दोन्ही तेलकट हातांना धरलं आणि काहीतरी बोलली. सुनेने भाषांतर केलं नाही, आणि मलाही लागलं नाही. मग तिने डबा उघडला. त्यात केक होता, आणि सोबत किटलीभर चहा. किटली जुनी, पोचे पडलेली. गवतावर प्लास्टिक टाकून आम्ही बसलो आणि गाडी शेजारी फटफटत राहिली.

"पोरी," मी सुनेला म्हणालो, "त्या यादीवाल्यांना फोन लाव. माझी सीट कुणाला तरी देऊन टाका म्हणावं. इथे अडकलेले लोक पुष्कळ आहेत."

तिने लगेच फोन काढला. मुलगा केक खाता खाता भलतीकडेच बघायला लागला. त्याचं नाक लाल झालं होतं, वारा होता.

"आणि हे बघ," मी म्हणालो, "पुढच्या खंडेनवमीला हळद लावायची तर पान्याच्या दांड्याला लाव. पॉइंटला लावलीस तर बघ."

"लावणार," ती म्हणाली, फोन कानाला. "बोटभर लावणार. तुम्ही तपासत चला."